बंदर एकीकडे, शहर दुसरीकडे : भूमध्य समुद्रातील सात रात्रींची क्रूझ

जळगाव स्थानकावर उतरलेल्या पाहुण्याला ‘अजिंठा आला’ असे सांगितले तर तो चक्रावून जाईल, कारण लेणी तिथून जवळपास ६० किलोमीटरवर आहेत. क्रूझच्या माहितीपत्रकात मात्र असे सर्रास चालते. ‘चौथा दिवस : रोम’ असे छापलेले असते आणि जहाज लागते चिवितावेक्किया या बंदराला, जिथून रोम ७० किलोमीटरहून अधिक लांब आहे. गेल्या ऑक्टोबरमध्ये आम्ही पती-पत्नी बार्सिलोनाहून निघून मार्सेलिस, जिनोआ, चिवितावेक्किया, नेपल्स आणि पालेर्मो करून परत बार्सिलोनाला आलो. कंपनीचे नाव मी मुद्दाम लिहीत नाही. केबिन स्वच्छ होती आणि शाकाहारी जेवण बरे होते, जरी शेंगदाण्याची चटणी बरोबर नेली नसती तर पाचव्या दिवशी आमचे अवघड झाले असते. येथे मला लिहायचे आहे ते बंदरांवरील स्थलदर्शनाविषयी.

रोमसाठी आम्ही जहाजाचीच बससहल घेतली आणि तीच सर्वांत निराशाजनक ठरली. आधी बसची रांग, मग वाहतुकीची कोंडी, आणि शेवटी छत्री उंच धरलेल्या मार्गदर्शक बाईंच्या मागे धावपळ; कलोसियम बाहेरून पाहिले, सेंट पीटर्सच्या चौकात वीस मिनिटे मिळाली, आणि दिवसाचा मोठा भाग काचेतून बाहेर बघण्यात गेला. त्याच दिवशी पुण्याचे एक जोडपे स्वतःहून प्रादेशिक रेल्वेने सुमारे तासाभरात सान पिएत्रो स्थानकावर उतरले आणि तिथून पायी व्हॅटिकनला पोहोचले. जहाजाच्या सहलीची एक बाजू मात्र मान्य केली पाहिजे : तिची बस उशिरा आली तर जहाज थांबते, स्वतःहून गेलेल्यांसाठी थांबत नाही. गुडघे दुखणाऱ्या माणसाला ही हमी लहान वाटत नाही.

नेपल्सला सगळे उलट घडले. जहाज थेट शहराच्या अंगणात लागते. उतरल्यावर समोरच कास्तेल नुओवो हा किल्ला दिसतो. तिथून आम्ही चिर्कुमवेसुवियाना नावाच्या लोकल गाडीने पॉम्पेईला गेलो. गाडीतील गर्दी पाहून भुसावळ पॅसेंजरची आठवण झाली आणि उगाचच धीर आला. इसवी सन ७९ मध्ये व्हेसुव्हियसच्या उद्रेकात गाडले गेलेले हे शहर १७४८ पासून उकरले जात आहे. रस्त्याच्या दगडांत गाड्यांच्या चाकांनी पडलेल्या खोल चाकोऱ्या आणि पाय न भिजवता रस्ता ओलांडण्यासाठी ठेवलेले उंच दगड पाहताना वर्षांचा हिशेब विसरायला होतो. पत्नी सर्वांत जास्त वेळ रेंगाळली ती एका बेकरीत. काळ्या ज्वालामुखी दगडाची, माणसाच्या छातीएवढी जाती तिथे ओळीने उभी आहेत : खालचा दगड शंकूसारखा, वरचा डमरूसारखा, आणि धान्य वरून ओतायचे. लहानपणी कळण्याचे पीठ दळलेल्या तिला ते यंत्र कोणी समजावून सांगावे लागले नाही. गाढवे जुंपून ती फिरवत, एवढेच मी फलकावरून वाचून दाखवले. सावली फार कमी आहे. मे महिन्यातल्या जळगावचा अनुभव असला तरी टोपी आणि पाणी न्यावेच.

मार्सेलिसला जहाज शहराच्या उत्तरेला लांब लागते, म्हणून पुन्हा बस घ्यावी लागली. तिने आम्हाला नोत्र-दाम दे ला गार्द या टेकडीवरील चर्चपाशी नेले, जिथून सारे बंदर एका नजरेत येते. याच बंदरात ८ जुलै १९१० रोजी सावरकरांनी ‘मोरिया’ बोटीच्या खिडकीतून समुद्रात उडी घेतली होती, आणि किनाऱ्यावर झालेल्या त्यांच्या अटकेचा वाद पुढे हेगच्या लवादापर्यंत गेला. मार्गदर्शक बाईंना हे ठाऊक नव्हते. त्यांनी आस्थेने नाव लिहून घेतले. मराठी प्रवाशाला इथे जे पाहायचे असते ते सहलीच्या यादीत नाही, ते मनातच घेऊन जावे लागते.

जिनोआला पायी उतरून जुन्या शहराच्या अरुंद गल्ल्यांत शिरता येते. तिथे बसवर एक युरोही खर्चू नये. पालेर्मोला फक्त राजवाड्यातील काप्पेला पालातिना पाहावे : बाराव्या शतकातील नॉर्मन राजा दुसरा रॉजर याचे हे प्रार्थनास्थळ, भिंतींवर बायझंटाईन पद्धतीचे सोनेरी मोझाइक आणि वर अरबी धाटणीचे लाकडी छत. बार्सिलोनाला एक दिवस आधी पोहोचावे आणि सग्रादा फामिलियाचे वेळ ठरलेले तिकीट घरूनच काढावे. १८८२ साली सुरू झालेल्या या चर्चच्या तळघरातच त्याचा वास्तुकार गौदी याची समाधी आहे.

शेवटच्या सकाळी दाराखालून खर्चाचा कागद सरकवलेला होता. नेपल्स आणि जिनोआ मिळून आम्ही जेवढे खर्च केले होते, त्याहून रोमच्या त्या एका बसची रक्कम अधिक होती.