पावतीवर शिक्का होता, पण साल आदल्या वर्षीचं

सहा महिने थायलंडमध्ये राहायचं ठरवून मी ७ नोव्हेंबर २०२४ ला चियांग माईत उतरले. त्याच वर्षी जुलैत सुरू झालेला डीटीव्ही, म्हणजे दुसऱ्या देशातलं काम ऑनलाइन करणाऱ्यांनाही मिळणारा 'डेस्टिनेशन थायलंड व्हिसा', हातात होता. मुदत पाच वर्षं आणि एका खेपेला १८० दिवस मुक्काम. त्यासाठी खात्यात पाच लाख बाट दाखवायचे, कामाचे पुरावे जोडायचे, हे सगळं मी दोन-दोनदा तपासलं होतं. राहायच्या जागेच्या कागदांकडे मात्र लक्ष दिलं नाही, आणि नेमकी तिथेच फसले.

खोली ऑनलाइन जाहिरातीतून मिळाली. इमारत चांगली, खिडकीतून दोई सुथेपचा डोंगर दिसायचा, भाडं महिना १५,००० बाट. दाखवायला आलेली बाई स्वतःला मालकीण म्हणवत होती, इंग्रजी उत्तम बोलायची. दोन महिन्यांचं डिपॉझिट आणि एक महिन्याचं आगाऊ भाडं, एकूण ४५,००० बाट. आठवड्यावर लॉय क्रथोंग हा दिव्यांचा सण आला होता. "उद्या ही खोली राहणार नाही, आजच पैसे टाका," असं तिने दोनदा सांगितलं. खातं वेगळ्याच नावावर होतं. विचारलं तर म्हणाली, बहिणीचं आहे. मी पैसे टाकले. करारावरचं नाव आणि खात्यावरचं नाव जुळत नाही, एवढ्यावरच मी उठायला हवं होतं.

इथला नियम नीट समजून घ्या, कारण फसवणूक त्याच्याच आडून झाली. परदेशी माणूस घरात राहायला आला की २४ तासांच्या आत इमिग्रेशनला कळवायचं, हे १९७९ च्या कायद्याचं कलम ३८. कळवायची जबाबदारी घरमालकाची किंवा घराचा ताबा ज्याच्याकडे आहे त्याची. फॉर्मला टीएम-३० म्हणतात. हॉटेलात रिसेप्शनवर पासपोर्ट घेतात तेव्हा हे काम परस्पर होऊन जातं, आपल्याला कळतही नाही. भाड्याच्या घरात ते मालकाने केलं तरच होतं. न केल्यास दंड २,००० बाटपर्यंत, कायद्याने तो मालकाचा. पण काउंटरवर उभे आपण असतो. सलग ९० दिवस झाले की टीएम-४७ भरून आपला पत्ता कळवावा लागतो, तेव्हा बऱ्याच कार्यालयांत आधी टीएम-३० ची नोंद आहे का ते बघतात.

मी पहिल्याच दिवशी तिच्याकडे टीएम-३० मागितला. आधी म्हणाली करते, मग म्हणाली ऑक्टोबरच्या पुरामुळे सगळी कामं तुंबली आहेत. पिंग नदीचा पूर खरंच मोठा आला होता, गावात ठिकठिकाणी चिखलाच्या खुणा होत्या, म्हणून मला ते पटलं. चौथ्या दिवशी 'लाइन' या मेसेजिंग अ‍ॅपवर पावतीचा फोटो आला. माझं नाव, पासपोर्ट क्रमांक, लाल शिक्का. मी निश्चिंत झाले.

जानेवारीच्या अखेरीस ९० दिवसांच्या नोंदीसाठी गेले. अधिकारी बाईंनी संगणकात पाहिलं, मग माझी पावती हातात घेतली आणि शिक्क्यावर बोट ठेवलं. तिथे साल २५६६ होतं. थायलंडच्या सरकारी कागदांवर बौद्ध संवत असतो, इसवी सनात ५४३ मिळवायचे. मी आले ते साल २५६७. म्हणजे आदल्या वर्षीच्या कोणाच्या तरी पावतीवर माझं नाव चिकटवलं होतं. थाई अंक मला वाचता येत नव्हते हे खरं, पण फोनच्या कॅमेऱ्याने भाषांतर करून बघायला एक मिनिट लागलं असतं. ते मिनिट मी अडीच महिन्यांत काढलं नाही याचा मला अजून त्रास होतो.

तिथून थेट इमारतीच्या कार्यालयात गेले. त्यांनी वही उघडून सांगितलं, ती मालकीण नाहीच, भाडेकरू आहे. तिचाच करार ३१ जानेवारीला संपत होता. खरे मालक दुसऱ्या शहरात राहणारे वयस्क गृहस्थ, त्यांना खोलीत कोणी परदेशी राहतं आहे याचा पत्ताच नव्हता. आता कळलं ती टीएम-३० का टाळत होती. तो भरायचा तर घराचे कागद आणि मालकाच्या ओळखपत्राची प्रत लागते, आणि ते तिच्याजवळ कुठून असणार? त्या संध्याकाळपासून तिने माझे मेसेज वाचणं बंद केलं.

मालक सज्जन निघाले. चार दिवस राहू दिलं, स्वतः येऊन मागची नोंद करून दिली. दंड मी भरला, त्यांच्यावर टाकणं मला बरोबर वाटलं नाही. ३०,००० बाटचं डिपॉझिट गेलं. पर्यटक पोलिसांच्या ११५५ क्रमांकावर फोन केला, मग ठाण्यात जाऊन लेखी तक्रार दिली, पैसे पाठवल्याच्या पावत्या जोडल्या. पुढे काही हालचाल झालेली नाही.

नवी जागा घेताना मी पैशांच्या आधी तीन गोष्टी मागितल्या: जागेचा मालकी दस्त, ज्याला तिथे चनोत म्हणतात, मालकाचं ओळखपत्र आणि त्याच नावाचं बँक खातं. एकाने कुरकुर केली, मी पुढच्या घरी गेले. दुसऱ्या बाईंनी न विचारता सगळं टेबलावर ठेवलं आणि त्याच संध्याकाळी टीएम-३० ऑनलाइन भरला. एक आणखी. महिन्याच्या आतल्या मुक्कामासाठी कोणी कॉन्डोतली, म्हणजे फ्लॅटच्या इमारतीतली, खोली रोजच्या भाड्याने देत असेल तर परवाना विचारा. २००४ च्या हॉटेल कायद्यात असं भाडं हॉटेलात मोडतं, आणि परवाना नसलेला माणूस तुमची नोंद करायला सहसा पुढे येत नाही.

मार्चमध्ये तीच जाहिरात मला पुन्हा दिसली, नाव बदललेलं, फोटो तेच. खिडकीत दोई सुथेप, डाव्या कोपऱ्यात निळी खुर्ची, खुर्चीच्या हातावर तोच कॉफीचा डाग. ती खोली कोणी घेत असाल तर पैसे पाठवू नका, आधी इमारतीच्या कार्यालयात जाऊन मालकाचं नाव विचारा.