'रोमान्सिंग द स्टोन' की 'द प्रिन्सेस ब्राइड'?
कोथरूडच्या माझ्या भाचीला रविवारी घरी आठ वर्षांच्या लेकासह ऐंशीच्या दशकातला एखादा हलकाफुलका प्रेम-साहसपट पाहायचा आहे, पण या दोहोंत तिचे ठरत नाही.

लांबीत फारसा फरक नाही. १९८४च्या 'रोमान्सिंग'मध्ये प्रेम कुरबुरींतून फुलते. कोलंबियाच्या जंगलात नायक कोयत्याने लेखिका असलेल्या नायिकेच्या बुटांच्या उंच टाचा छाटतो, आणि तिचे बुजरेपण तिथूनच गळू लागते. मात्र त्यात रक्तपात आहे.

१९८७च्या 'प्रिन्सेस'मध्ये आजोबा आजारी नातवाला गोष्ट वाचून दाखवतात, आणि त्या गोष्टीतल्या कड्यावरच्या द्वंद्वात दोघेही तलवारबाज उजव्या हाताचे असून आधी डाव्या हाताने लढतात. हा प्रसंग मला दरवेळी तितकाच ताजा वाटतो.

लेक सोबत असेल तर 'प्रिन्सेस'च लावावा. 'रोमान्सिंग' नवरा-बायकोने निवांत रात्री पाहावा.