लोहगाव विमानतळ: टर्मिनल झकास, पण धावपट्टी हवाई दलाची

कामानिमित्त पुण्याहून चेन्नई-दिल्ली सारखं चालू असतं, त्यामुळे पुण्याच्या या लोहगाव विमानतळावर माझा बराच वेळ जातो. नवं टर्मिनल १४ जुलै २०२४ ला सुरू झालं आणि जुन्या इमारतीतली चेंगराचेंगरी संपली. फोनवर डिजियात्रा ॲप असेल तर चेहरा दाखवून आत. बसायला मुबलक जागा, स्वच्छतागृहं नीट. इमारतीबद्दल एवढं पुरे.

खरी गंमत इमारतीच्या पलीकडे आहे. हा मुळात हवाई दलाचा तळ. विमानतळ प्राधिकरणाकडे फक्त ‘सिव्हिल एन्क्लेव्ह’, म्हणजे टर्मिनल आणि विमानं उभी करायचं आवार. धावपट्टी हवाई दलाची, एटीसी, म्हणजे हवाई वाहतूक नियंत्रणही त्यांचंच. आपण पोटभाडेकरू. नळाला पाणी कधी येणार, ते मालक ठरवणार!

परवा सकाळी आमचं विमान धावपट्टीच्या तोंडाशी जाऊन थांबलं. कॅप्टन म्हणाले, ‘डिफेन्स ट्रॅफिक’. पुढच्याच मिनिटाला दोन सुखोई लढाऊ विमानं एकामागोमाग सुटली. आवाज कानांत नाही, थेट छातीत घुमतो. शेजारच्या कॉलेजकुमाराने लगेच फोन वर केला, तर केबिन क्रूमधल्या ताईंनी तो हसतच खाली करायला लावला. लष्करी विमानतळावर फोटोला बंदी असते, तशी घोषणाही झाली होती, ऐकतो कोण?

‘एवढं मोठं टर्मिनल बांधलं, मग पुण्याहून थेट लंडन का नाही?’ असं विचारणारे काका प्रत्येक सोसायटीत असतात. काका, धावपट्टी साधारण अडीच किलोमीटरची. मोठं विमान पूर्ण इंधन आणि प्रवासी घेऊन इथून लांब पल्ल्याला निघणं अवघड. लांबी वाढवायची चर्चा कित्येक वर्षं ऐकतोय. धावपट्टीच्या डांबरीकरणाच्या वेळीही मालक म्हणेल तसंच. ऑक्टोबर २०२० पासून वर्षभर रात्री आठ ते सकाळी आठ उड्डाणं बंद होती, आणि १६ ते २९ ऑक्टोबर २०२१ तर अख्खा विमानतळच. कंपन्यांनी मुकाट्याने वेळापत्रकं बदलली.

तरी मी या सोयरिकीच्या बाजूने आहे. गोव्यात दाबोळीला नौदलाच्या सरावासाठी कामाच्या दिवशी सकाळचे काही तास नागरी विमानांना मिळत नाहीत. त्या मानाने आपलं बरं चाललंय. आणि स्वतंत्र विमानतळ म्हणजे काय ते पुरंदरच्या नियोजित विमानतळाकडे बघून कळतं. जमिनीचा प्रश्न, शेतकऱ्यांचा विरोध, वर्षं सरताहेत. इथे धावपट्टी आयती मिळाली, तीही शहराला लागून.

टर्मिनलला पाचपैकी चार. एक कापला तो आतल्या एका स्टॉलवरच्या कोमट चहाचा.