झिंक भराभर संपतंय? सिल्व्हर-क्लोराइड रेफरन्स इलेक्ट्रोड घ्याच

मरीनातल्या बोटीचं झिंक (बाकीचा धातू वाचवायला स्वतः झिजणारा जस्ताचा तुकडा) दोन महिन्यांत संपत असेल, तर नवं लावण्याआधी हे साधन, म्हणजे पाण्यातल्या धातूचं व्होल्टेज ज्याच्याशी ताडून बघायचं तो स्थिर संदर्भ, वापरा. इलेक्ट्रोड मल्टिमीटरच्या कॉमनला जोडून समुद्रात सोडा, लाल प्रोब बॉन्डिंग वायरला (बोटीचे धातूचे भाग आणि झिंक एकमेकांना जोडणाऱ्या वायरीला) लावा. दुसऱ्या धातूला न जोडलेलं, सुटं झिंक सुमारे −1.03 व्होल्ट दाखवतं. आता शोअर पॉवरची (धक्क्यावरून येणाऱ्या विजेची) केबल काढा. आकडा आणखी उणे झाला, तर अर्थच्या वायरीतून तुमचं झिंक शेजारच्या बोटींचा धातू वाचवतंय: गॅल्व्हॅनिक आयसोलेटर (अर्थ जोडलेली ठेवूनच हा छोटा प्रवाह अडवणारं उपकरण) बसवा. अर्थ मात्र कधीच तोडू नका, जिवावर बेतेल! फरक पडला नाही, तर गळती तुमच्याच बॅटरीच्या वायरिंगमधून आहे का ते पाहायला बॅटरी स्विच बंद करून पुन्हा मोजा. बिल्ज पंप (बोटीच्या तळाशी साचलेलं पाणी उपसणारा) बहुधा स्विचला वळसा घालून थेट जोडलेला असतो, त्याचा फ्यूजही काढा. उणीव एकच: निमखाऱ्या खाडीत आकडे सरकतात.