आठ महिने न्यूजलेटरचं टेम्प्लेट वापरल्यावर: रंग, स्टाइल आणि आपली देवनागरी

अमळनेर तालुक्यातल्या आमच्या गावच्या वाचनालयाचं चार पानी पत्रक मी दर महिन्याला काढतो. अखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, पहिला अंक निघाला, आता आठवा छापून झाला. २०२४ च्या फेब्रुवारीत अमळनेरला साहित्य संमेलन झालं तेव्हापासून गावातून काहीतरी छापील निघायला पाहिजे असं सगळ्यांच्याच मनात होतं. दीडशे प्रती ब्लॅक अँड व्हाइट झेरॉक्स, दोन रंगीत प्रती बोर्डावर लावायला, बाकी पीडीएफ व्हॉट्सअॅपवर. सगळं काम वर्डमध्ये, त्यातल्याच एका तयार न्यूजलेटर टेम्प्लेटवर. मराठीत कुणी असं काम करत असेल त्याच्या कामी यावं म्हणून सविस्तर लिहितोय.

पहिले तीन अंक मी हाताने रंगवले. म्हणजे मथळा सिलेक्ट करायचा, रंगाच्या पॅलेटमधून लाल द्यायचा, पुढच्या मथळ्याला परत तेच, चौकटीला परत तेच. दिसायला छान दिसायचं. पण श्रावणात कानबाईचा, म्हणजे आमच्या खानदेशातल्या देवीच्या सणाचा, अंक करायचा होता, तो हळदीच्या रंगात असावा असं सगळ्यांचं म्हणणं पडलं, म्हणून डिझाइन टॅबमध्ये जाऊन कलर्समधून पिवळा सेट निवडला, तर टेम्प्लेटची पट्टी आणि रेघा बदलल्या आणि माझे सगळे मथळे लालच राहिले. त्या रात्री एक वाजेपर्यंत बसून एकेक मथळा बदलला तेव्हा कळलं की पॅलेटमध्ये वरचे थीम कलर्स आणि खालचे स्टँडर्ड कलर्स या दोन पूर्ण वेगळ्या गोष्टी आहेत. वरच्या ओळींतला रंग दिला तर तो थीमसोबत बदलतो, त्याच्या फिक्या आणि गडद छटाही बदलतात. खालच्या ओळीतला किंवा मोअर कलर्समधून घेतलेला रंग तिथेच चिकटून राहतो. एवढी एकच गोष्ट पहिल्या दिवशी माहीत असती तर तीन महिन्यांची मेहनत वाचली असती, म्हणून सगळ्यात आधी हेच सांगतो.

मग रंग मथळ्याला द्यायचाच नाही, स्टाइलला, म्हणजे फॉन्ट, साइज आणि रंग एकत्र साठवलेल्या नावाच्या साच्याला, द्यायचा हे ठरवलं. हेडिंग वन या मथळ्याच्या स्टाइलवर राइट क्लिक, मॉडिफाय, तिथे थीममधला रंग, झालं. आता मथळा टाइप करतो आणि स्टाइल दाबतो, बाकी काही बघत नाही. मॉडिफायच्या त्याच खिडकीत खाली 'ऑटोमॅटिकली अपडेट' नावाची टिक असते, ती मात्र लावू नका. मी मजकुराच्या स्टाइलला लावली होती आणि एक श्रद्धांजलीचा परिच्छेद मध्यावर घेतला तर त्या स्टाइलचा सगळा मजकूर मध्यावर गेला.

कानबाईच्या अंकातली दुसरी गोष्ट जास्त लागली. पिवळ्या पट्टीवर पांढरी अक्षरं ठेवली होती, स्क्रीनवर एकदम झळाळत होती. झेरॉक्स झाल्यावर पिवळ्याचा फिका करडा झाला आणि पांढरी अक्षरं त्यात विरून गेली. आमच्याकडे रोज संध्याकाळी पेपर वाचायला येणारे एक आप्पा आहेत, त्यांनी अंक खिडकीपाशी नेला, चष्मा वर केला, परत खाली केला आणि म्हणाले, "आरे भाऊ, हाई मथळा तं दिखतच नही." दीडशे प्रती वाटून झाल्या होत्या. आमचे निम्मे वाचक साठीच्या पुढचे आहेत आणि त्यांच्या हातात झेरॉक्सच जातो, रंगीत प्रत तर बोर्डावर असते. तेव्हापासून कुठलाही रंग ठरवला की आधी एक पान ब्लॅक अँड व्हाइट काढतो आणि आप्पांनाच दाखवतो. वर्डमध्ये रिव्ह्यू टॅबमध्ये अॅक्सेसिबिलिटी तपासायची सोय आहे, ती फिकं अक्षर दाखवून देते, पण कागद तो कागद.

भाद्रपदात स्वतःचा रंगांचा सेट केला. कलर्सच्या तळाशी कस्टमाइज कलर्स आहे, तिथे बारा खाने असतात, चार मजकूर आणि बॅकग्राउंडचे, सहा अॅक्सेंट म्हणजे उठावाचे रंग, दोन लिंकचे. कपाशीचं फूल पहिल्या दिवशी पिवळसर पांढरं असतं आणि दुसऱ्या दिवशी गुलाबी होतं, शेतात त्या दिवसांत दोन्ही रंगांची फुलं एकाच झाडावर दिसतात, तेच घेतलं. पानाचा गडद हिरवा (लाल ३१, हिरवा ९४, निळा ५८) मथळ्यांना, फुलाचा गडद गुलाबी चौकटींच्या कडेला, काळ्या जमिनीचा तपकिरी काळा मजकुराला, आणि पिवळसर पांढरा फक्त बॅकग्राउंडला. सेटचं नाव 'कपाशी'. हिरव्यावर पांढरं अक्षर झेरॉक्समध्येही ठसठशीत येतं. आता सणाचा अंक असला की दोन अॅक्सेंट बदलतो, पाच मिनिटांत अख्खा अंक बदलतो. फोटो अर्थातच बदलत नाहीत, ते तसेच राहतात.

देवनागरीचं मात्र वेगळं प्रकरण आहे आणि टेम्प्लेट इंग्रजीसाठी बनवलेलं असल्यामुळे हे आपल्यालाच निस्तरावं लागतं. स्टाइलमध्ये फॉरमॅट, मग फॉन्ट उघडलं की वर लॅटिनचा भाग असतो आणि खाली 'कॉम्प्लेक्स स्क्रिप्ट्स'. मराठी अक्षर खालच्या भागातून चालतं. मी वरच्या खान्यात बाराचं चौदा करत होतो आणि मजकूर हलतच नव्हता. मथळ्याच्या स्टाइलमध्ये अक्षरांमधलं अंतर वाढवून ठेवलेलं असतं, इंग्रजीत ते शोभतं, आपल्याकडे शिरोरेघ तुटते आणि शब्द फुटल्यासारखा दिसतो, ते नॉर्मलवर आणा. ओळींचं अंतर 'एक्झॅक्टली' असेल तर वेलांट्या आणि रफार वरून कापले जातात, तिथे 'मल्टिपल' ठेवा, मी १.१५ ठेवलंय. फॉन्टमध्ये मजकुराला मुक्ता आणि मथळ्याला टिरो देवनागरी मराठी, दोन्ही फुकट मिळतात. टिरोच्या मराठी आवृत्तीत ल आणि श आपल्या वळणाचे आहेत, शाळेच्या पाटीवर गिरवले तसे, ते बघून खरंच बरं वाटतं. त्याला वेगळा बोल्ड नाही, म्हणून बोल्ड करू नका, साइज वाढवा.

छापायला वर्डची फाइल देऊ नका. दुसऱ्या कॉम्प्युटरवर हे फॉन्ट नसले की चार पानांची पाच होतात, आमची तिसऱ्या अंकाला झाली होती. पीडीएफच द्या.

लोक मजकूर व्हॉट्सअॅपवर पाठवतात, तो पेस्ट करताना 'कीप टेक्स्ट ओन्ली' घ्या आणि मग स्टाइल लावा. आधीच पेस्ट करून बसला असाल तर सिलेक्ट करून कंट्रोल स्पेस, चिकटलेला फॉन्ट आणि रंग निघून जातो. आणि सगळं मनासारखं जमलं की टेम्प्लेट म्हणून सेव्ह करा, म्हणजे डबल क्लिक केल्यावर नवीन कोरा अंक उघडतो. मी जुन्याच अंकावर नवीन लिहायचो, त्यात आषाढाचा अंक पुसला गेला, त्याची फक्त पीडीएफ उरली.

सगळ्यात समाधानाचं काम शेवटी सांगतो. शेवटच्या पानावर आमचं अहिराणीचं सदर असतं. वर्ड त्यातल्या बऱ्याच शब्दांखाली लाल नागमोडी रेघ मारायचं, आणि बी. ए. ला असलेली जी पोरगी ते सदर टाइप करते ती प्रत्येक रेघ बघून शब्द बदलायला जायची, 'मन्हा'चं 'माझा' करायची. मी 'अहिराणी' नावाची वेगळी स्टाइल केली, डाव्या कडेला गुलाबी रेघ, आणि फॉरमॅटमध्ये लँग्वेजमध्ये जाऊन स्पेलिंग तपासू नको ही टिक लावली. आठव्या अंकात तिने तिच्या आजीच्या तोंडची कानबाईची गाणी आणली, दीड पान, एकही शब्द न बदलता.