फुकटच्या सोलर ट्रेनिंगचा हप्ता

वणी, माजरी, घुग्घुस पट्ट्यात ओबीचं, म्हणजे कोळशावरची माती-दगड काढायचं, कंत्राट संपलं की काय होतं, ते इथल्या माणसाला सांगायला नको. वेकोलिचा (वेस्टर्न कोलफील्ड्स, सरकारी कोळसा कंपनी) पर्मनंट माणूस दुसऱ्या खाणीत बदलून जातो. कंत्राटी डंपर ऑपरेटर, पंपवाला, हेल्पर घरी बसतो. मी खाणीतल्या पाणी उपसायच्या पंपांवर इलेक्ट्रिशियन होतो. आमचं काम बंद झालं आणि थोड्याच दिवसांत व्हॉट्सॲपवर बॅनर फिरू लागला: ‘कोळसा कामगारांसाठी केंद्र सरकारचे मोफत सोलर टेक्निशियन प्रशिक्षण. हमखास नोकरी, पगार 28,000.’ मागोमाग फोन आले, तेही नावानिशी. कोणाचा गेट पास बंद झाला याची यादी त्यांच्याजवळ होती. ती कोणी दिली, हे अजून कळलेलं नाही.

एका मंगल कार्यालयात नोंदणी झाली. कागदपत्रांचा खर्च म्हणून 1,500 रुपये रोख घेतले, पावती नाही. पण खरा खेळ पुढच्या टेबलावर होता. तिथे एक पोरगा प्रत्येकाचा आधार, पॅन आणि पासबुकचं पहिलं पान घेऊन त्याच्याच मोबाइलवर काहीतरी भरत होता. मग सेल्फी, ‘डोळे मिचकवा, मान डावीकडे’, आणि एकामागून एक ओटीपी. स्क्रीनवर सगळं इंग्रजी, आणि ती आमच्याकडे वळायच्या आत पुढे सरकलेली. माझ्या पुढच्या वयस्कर डंपर ऑपरेटरने विचारलंही, “हजेरीले पॅन कार्ड काहून लागते बाप्पा?” पोरगा हसला. “काका, स्टायपेंड तुमच्याच खात्यात येणार ना!” त्यानंतर रांगेत कोणी काही विचारलं नाही.

ट्रेनिंगबद्दल काय सांगू! हॉलमध्ये ट्यूबलाइटखाली स्टुलावर एक पॅनल टेकवलेलं. सरांनी मल्टिमीटर लावला, आकडा शून्य. पॅनल खराब आहे म्हणाले. मी मीटर पाहिला तर नॉब एसीवर. पॅनलमधून येते डीसी, हे आयटीआयचं पोरगंही सांगेल. नॉब फिरवून पॅनल दारात उन्हात नेलं तेव्हा आकडा चाळिसाच्या वर चढला, आणि सर मोबाइलवर बोलत बाहेर गेले. छतावरची स्ट्रिंग, म्हणजे पॅनलांची माळ, कशी जोडायची, चालू लोडवर डीसी कनेक्टर का ओढायचा नाही, अर्थिंग, यातलं काहीच झालं नाही. दोन आठवड्यांत सर्टिफिकेट वाटून मोकळे. सोबत ऑफर लेटर: ‘जॉइनिंग भडला सोलर पार्क, गुजरात’. भडला राजस्थानात आहे.

स्टायपेंड आलाच नाही. उलट पासबुक भरून आणलं तर ‘एसीएच डेबिट 2,980’ अशी ओळ, म्हणजे खात्यातून आपोआप कापलेला हप्ता. पुढच्या महिन्यात पुन्हा तीच. बँकेतल्या मॅडमनी मँडेट, म्हणजे हप्ता कापायची माझ्या नावची परवानगी, उघडून दाखवलं, तेव्हा कळलं की माझ्या नावावर 32,000 चं ‘कोर्स फी’ कर्ज आहे, 12 हप्त्यांचं. कर्ज देणारी फायनान्स कंपनी वेगळी. पैसा माझ्या खात्यात न येता थेट त्या ट्रेनिंगवाल्या संस्थेला गेला होता, आणि तिने ऑफिस बंद करून गाशा गुंडाळला होता. सरकारी फुकट ट्रेनिंग म्हणून बसलेला अख्खा हॉल असा कर्जदार झाला.

आता खरी ट्रेनिंग कशी असते ते ऐका. सूर्यमित्र कार्यक्रम 2015 पासून आहे. केंद्राच्या अक्षय ऊर्जा मंत्रालयासाठी राष्ट्रीय सौर ऊर्जा संस्था तो चालवते. अभ्यासक्रम 600 तासांचा, म्हणजे जवळपास तीन महिने. आयटीआय किंवा डिप्लोमावाल्यांना घेतात, आणि फी नसते. जिथे फी नाही तिथे फीसाठी कर्ज कशाला लागेल, एवढाच प्रश्न त्या टेबलावर पुरेसा होता. परीक्षाही शिकवणारा स्वतः घेत नाही, परीक्षक बाहेरून येतो.

नोकरीचंही ऐकून ठेवा. सोलर प्रकल्प उभा राहताना माणसं भरपूर लागतात, पण ते काही महिन्यांचं कंत्राटी काम. उभा राहिल्यावर देखरेखीला मोजके लोक पुरतात. चंद्रपूरच्या 2,920 मेगावॅटच्या औष्णिक केंद्रावर आणि त्याच्या कोळशावर जेवढी घरं चालतात, तेवढी मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनीच्या सबस्टेशनजवळच्या छोट्या प्रकल्पांवर चालणार नाहीत. काम आहे ते छतांवरचं आणि सोलर कृषिपंपांचं. खाणीत पंप, स्टार्टर, केबल हाताळलेल्या माणसाला ते जमतं. पण अख्ख्या हॉलला एका दिवशी ‘हमखास’ नोकरी देणारा कोणी भेटला, तर त्याला कोणत्या साइटवर, किती दिवस आणि पीएफ कोण भरणार, एवढं विचारा.

ज्यांनी असा सेल्फी दिला असेल त्यांनी आधी पासबुक भरून आणा आणि एसीएच किंवा नॅचची ओळ शोधा. सिबिलचा पूर्ण रिपोर्ट वर्षातून एकदा फुकट मिळतो, त्यात तुमच्या नावावरची सगळी कर्जं दिसतात. मँडेट रद्द करायचा अर्ज तुमच्याच बँकेत देता येतो. मात्र नुसतं खातं रिकामं ठेवू नका: हप्ता बाउन्स झाला की दंड लागतो आणि सिबिलही बिघडतं. म्हणून त्याच दिवशी फायनान्स कंपनीला लेखी तक्रार करा आणि कर्जाचा करारनामा व ‘की फॅक्ट स्टेटमेंट’ (कर्जाच्या मुख्य अटी-खर्चाचा कागद) मागा. 30 दिवसांत उत्तर आलं नाही किंवा पटलं नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे ऑनलाइन तक्रार फुकट करता येते. सायबर फसवणुकीसाठी 1930 वर फोन करा आणि पोलीस ठाण्यात अर्ज देऊन पोच घ्या. बॅनर, कॉल, ओटीपीचे मेसेज डिलीट करू नका. आमच्यापैकी एकाने रागात सगळं पुसून टाकलं, आता त्याच्याजवळ दाखवायला फक्त ते सर्टिफिकेट आहे.

माझे दोन हप्ते गेले, बाकीचे तक्रारीनंतर थांबलेत. लोकपालाचा निर्णय यायचा आहे. आम्ही हॉलमधले काही जण मिळून एकच अर्ज पोलिसांत दिला आहे. भद्रावती, वरोरा, मारेगावकडचे कोणी त्या रांगेत होते, तर आपला अर्ज सोबत जोडा.