कांदा-लसूण मसाला ऑनलाइन विकायचाय : शॉपिफाय, वूकॉमर्स, ॲमेझॉन की व्हॉट्सॲपच बरं?

डंकावर रांगा लागायच्या दिवसांत कराडच्या मावसबहिणीचा फोन आला. महिन्याला साठेक ऑर्डरी येतात, सगळ्या व्हॉट्सॲपवर. भाचा म्हणतो शॉपिफाय घे. शेजारचा एक मुलगा पंचवीस हजारांत वेबसाइट करून द्यायला तयार आहे. जाऊबाई म्हणतात, ॲमेझॉनवर टाक, लोक तिथेच शोधतात. "ताई, तू सांग, कशात पैसे घालू?"

मी तिला आधी पाकिटाचं गणित मांडायला लावलं. अर्धा किलो कांदा-लसूण मसाला ती 360 रुपयांना विकते. मिरची, खोबरं, धने, तीळ, तेल, कांडप आणि पिशवी धरून तिला 220 पडतात. हातात 140. आता प्रत्येक मंच या 140 मधून किती कापतो आणि त्या बदल्यात काय देतो, एवढंच बघायचं.

शॉपिफाय

2006 साली कॅनडात सुरू झालेली ही सेवा म्हणजे भाड्याचा गाळा. रंगरंगोटी तुमची, वीज, पाणी, कुलूप-किल्ली त्यांची. दोन दिवसांत नीटनेटकं दुकान उभं राहतं, मोबाइलवर छान दिसतं आणि दिवाळीच्या गर्दीतही सहसा बसत नाही. बेसिक प्लॅनचे पैसे महिन्याच्या महिन्याला भरले तर भाडं दोन हजारांच्या घरात जातं, वर्षाचं एकदम भरलं तर बरंच कमी पडतं.

खरी कात्री भाड्यानंतर लागते. शॉपिफायची स्वतःची पेमेंट सेवा भारतात नाही. त्यामुळे रेझरपेसारखा गेटवे जोडावा लागतो, आणि बाहेरचा गेटवे वापरता म्हणून बेसिक प्लॅनवर शॉपिफाय वर आणखी 2 टक्के घेतं. 360 च्या पाकिटावर शॉपिफायचे 7 रुपये 20 पैसे. गेटवेनेही 2 टक्के आणि त्यावर 18 टक्के जीएसटी लावला तर त्याचे साडेआठ. झाले 15 रुपये 70 पैसे. दोन हजारांचं भाडं साठ ऑर्डरींवर वाटलं तर पाकिटामागे 33. म्हणजे 140 मधले जवळजवळ 49 गेले, आणि अजून कुरिअरचं नावही काढलेलं नाही. महिन्याला तीनशे ऑर्डरी असतील तर हाच आकडा 22 वर येतो. तेव्हा शॉपिफाय परवडतं की नाही, हे शॉपिफायवर कमी आणि तुमच्या खपावर जास्त ठरतं.

मसाल्याच्या धंद्यात आणखी एक गोष्ट आहे. मार्च ते मे हात रिकामा नसतो, दिवाळीआधी थोडी हालचाल होते आणि श्रावणात फोन वाजत नाही. भाडं मात्र श्रावणातही चालू.

या दुकानात गिऱ्हाईक आपोआप येत नाही, हे तर भाच्याने सांगितलंच नव्हतं. गल्लीच्या टोकाला गाळा घेतला तर पाटी दाखवायला माणूस उभा करावा लागतो. इथे तो माणूस म्हणजे इन्स्टाग्रामची जाहिरात. जाहिरातीतून आलेला अनोळखी माणूस हमखास कॅश ऑन डिलिव्हरी मागतो, आणि त्यातले काही जण कुरिअरवाला दारात आल्यावर "नको आता" म्हणतात. जायचं भाडं तुमचं, यायचंही तुमचं.

वूकॉमर्स

वर्डप्रेस या वेबसाइट बनवायच्या सॉफ्टवेअरवर चालणारं हे प्लगइन, म्हणजे जोडपुरवणी, 2011 मध्ये आलं आणि ते फुकट आहे. पंचवीस हजारांवाला मुलगा बहुधा हेच बसवून देणार. शॉपिफायचे 2 टक्के वाचतात, दुकान पूर्ण तुमच्या मालकीचं राहतं, मराठीत हवं तसं सजवता येतं. पण फुकट मिळालेल्या म्हशीलाही चारा लागतो. होस्टिंग (साइट ठेवायची भाड्याची जागा), डोमेन (साइटचा पत्ता), बॅकअप, महिन्याला येणारे अपडेट. पहिल्या वर्षी होस्टिंग स्वस्तात मिळतं आणि नूतनीकरणाला दर चढतो, तेव्हा पहिल्या वर्षाच्या जाहिरातीवर हिशोब मांडू नका.

मी स्वतः एका फराळवाल्या मैत्रिणीसाठी हे चालवलंय. वसुबारसेच्या आदल्या रात्री एक अपडेट झाला आणि पैसे भरायचं बटणच गायब झालं. ज्याने साइट बनवली तो गावी गेलेला. रात्री दोनला मी प्लगइनं एकेक करून बंद करत बसले होते. घरात हे सांभाळणारं कुणी असेल, आणि ते दिवाळीत घरी असेल, तरच वूकॉमर्स घ्या.

ॲमेझॉन आणि मीशो

हा आठवडी बाजार. गर्दी तयार असते, तुम्ही फक्त पथारी मांडायची. त्याबद्दल ॲमेझॉन रेफरल फी (विक्रीवरचं कमिशन), क्लोजिंग फी (प्रत्येक विक्रीमागची ठरावीक रक्कम) आणि वाहतुकीचे पैसे घेतं, वर या फींवर जीएसटी. एप्रिल 2025 मध्ये 300 रुपयांच्या आतल्या बऱ्याच वस्तूंवर, किराणा धरून, रेफरल फी शून्य केली. बाकीच्या फी राहतातच. हे दर बदलत असतात, म्हणून त्यांच्याच फी-कॅल्क्युलेटरमध्ये आपलं पाकीट टाकून आजचा आकडा बघावा.

मीशो कमिशन घेत नाही. पण तिथला गिऱ्हाईक भावाकडे बघून खरेदी करतो. साड्या, कानातली, घरातल्या वस्तू यांना ते ठीक आहे. डंकावर कांडलेल्या मसाल्याला कारखान्यातल्या स्वस्त पाकिटाशेजारी बसवणं मला पटत नाही. शिवाय साडी परत आली तर पुन्हा विकता येते, फोडलेलं मसाल्याचं पाकीट टाकूनच द्यावं लागतं.

माझी मोठी हरकत वेगळी आहे. मसाला ही पुन्हापुन्हा घ्यायची वस्तू. ज्याला चव लागली तो पुढच्या उन्हाळ्यात "वर्षाचा पाच किलो पाठवा" म्हणतो. ॲमेझॉनवर त्या माणसाचा नंबर तुमच्या हाती येत नाही, आणि "पुढच्या वेळी थेट आमच्याकडून घ्या" अशी चिठ्ठी डब्यात घालणं त्यांच्या नियमात बसत नाही. गिऱ्हाईक त्यांचं, मसाला तेवढा तुमचा.

लाडू-करंज्यावाल्यांसाठी जाता जाता : नोव्हेंबर 2024 मध्ये एफएसएसएआयने, म्हणजे अन्नसुरक्षेच्या सरकारी संस्थेने, ई-कॉमर्स कंपन्यांना सांगितलं की माल पोचेल तेव्हा मुदतीचा 30 टक्के काळ किंवा 45 दिवस शिल्लक असावेत. महिनाभर टिकणारा पदार्थ मोठ्या बाजारात रेटणं अवघडच.

व्हॉट्सॲप बिझनेस

ॲप फुकट, कॅटलॉगमध्ये 500 वस्तू बसतात आणि यूपीआयने खात्यात आलेले 360 पूर्ण 360 असतात. ओळखीची माणसं पैसे आधी पाठवतात, त्यामुळे दारातून परत येणारी पार्सलं जवळजवळ नसतात. साठ ऑर्डरींना यापेक्षा स्वस्त काही नाही.

त्रास वेगळे आहेत. पिनकोड नसलेले पत्ते, "दोन मोठे आणि एक मागच्या वेळचं" अशा ऑर्डरी. पैसे भरल्याचा स्क्रीनशॉट कधीही खरा धरू नये, बँकेत रक्कम दिसली तरच पाकीट बांधावं. ब्रॉडकास्ट लिस्टमध्ये 256 जणच बसतात, आणि ज्यांनी तुमचा नंबर सेव्ह केलाय त्यांनाच निरोप पोचतो. दिवसाला आठ-दहा ऑर्डरी झाल्या की कुणाला पाठवलं आणि कुणाचं राहिलं याचा ताळमेळ सुटतो. नंबर मात्र वेगळा घ्या. घरचे फोटो, शाळेचा ग्रुप आणि ऑर्डरी एकाच खिडकीत आल्या की ऑर्डरीच बुडतात.

ओएनडीसीबद्दलही तिने विचारलं. ते सरकारी पुढाकारातलं ऑनलाइन खरेदी-विक्रीचं जाळं आहे. त्यात शिरायला एखादं विक्रेता-ॲप धरावं लागतं. पहिलं दुकान म्हणून मी ते सुचवणार नाही.

बेळगावचं पार्सल

आतापर्यंत तिने न विचारलेला, पण सगळ्यात महत्त्वाचा मुद्दा जीएसटीचा. महाराष्ट्रात वस्तू विकणाऱ्याला वार्षिक उलाढाल 40 लाखांपर्यंत नोंदणी लागत नाही, हे तिला माहीत होतं. पण करपात्र माल राज्याबाहेर गेला की ही सूट लागू होत नाही, नोंदणी करावीच लागते. कराडहून गडचिरोलीला पाठवलेलं पाकीट राज्यातलं, पण बेळगावच्या आत्याला किंवा मडगावच्या गिऱ्हाइकाला विकलेलं पाकीट परराज्यातलं. मग ते शॉपिफायवरून जावो नाहीतर व्हॉट्सॲपवरून.

ऑक्टोबर 2023 पासून छोट्या विक्रेत्याला नोंदणीशिवाय, फक्त एक एनरोलमेंट क्रमांक घेऊन बाजारमंचांवर विकता येतं, पण आपल्याच राज्यात. मीशो असे विक्रेते घेतं. तिची एक चतुर्थांश गिऱ्हाइकं बेळगाव, गोवा आणि बंगळूरची. म्हणजे मंच कुठलाही निवडला तरी जीएसटी नोंदणी आधी. एफएसएसएआयचा क्रमांक, निव्वळ वजन, एमआरपी, पॅकिंगची तारीख आणि पत्ता पाकिटावर छापणंही व्हॉट्सॲपवर विकलं म्हणून चुकत नाही.

मग काय ठरलं

मंच बदलण्याआधी आम्ही पाकीट बदललं. कुरिअरचे दर अर्ध्या किलोच्या टप्प्याने चढतात. तिचं अर्धा किलोचं पाकीट खोक्यासकट सव्वासहाशे ग्रॅम भरायचं, म्हणजे नुसत्या वजनानेच एक किलोचा टप्पा. त्यात खोकं 25 बाय 20 बाय 15 सेंटीमीटरचं. लांबी, रुंदी, उंचीचा गुणाकार करून 5000 ने भागतात, म्हणजे कुरिअरच्या लेखी ते दीड किलो. वर्षभर ती हवेचं भाडं भरत होती.

आता पाकीट 400 ग्रॅमचं, त्याच भावाने 288 रुपयांना, खोक्याऐवजी कुरिअर-पिशवीत. अर्ध्या किलोच्या आतही बसतं आणि ॲमेझॉनच्या 300 च्या आतही.

जीएसटी हातात आला की ॲमेझॉनवर दोनच वस्तू ठेवायच्या, कांदा-लसूण मसाला आणि मेतकूट, अनोळखी माणसाला नाव कळावं म्हणून. वर्षाच्या साठ्याची गिऱ्हाइकं व्हॉट्सॲपवरच. शॉपिफाय दिवाळीनंतर, तेही सलग तीन महिने दीडशेच्या वर ऑर्डरी गेल्या तर. पंचवीस हजारांवाल्या मुलाला तिने नको म्हणून कळवलं. त्या पैशातून पाकिटं सील करायचं मशीन आणि एक चांगला वजनकाटा आला.

काल तिने फोटो पाठवला. पहिलं पाकीट पिशवीसकट काट्यावर : 447 ग्रॅम. खाली लिहिलं होतं, "ताई, 53 ग्रॅम उरतात. तिळाची चटणी चाखायला टाकू का?"